रक्त, वस्तरा आणि गाणी: 'स्वीनी टॉड' पाहताना तुमचं काय झालं?

एका न्हाव्याच्या बायकोवर न्यायाधीशाचा डोळा असतो, म्हणून तो न्हाव्याला खोट्या आरोपाखाली काळ्या पाण्यावर धाडतो. पंधरा वर्षांनी न्हावी नाव बदलून लंडनला परततो आणि सूड उगवायला बसतो. त्याच्या दुकानाखाली मिसेस लव्हेटचं पाईचं दुकान. वर गळे कापायचे, खाली त्याच मांसाने पाई भरायच्या. आणि हे सगळं गात गात!

टिम बर्टनचा हा २००७ चा सिनेमा परवा पुन्हा पाहिला. या वेळी वस्तऱ्यापेक्षा गाण्यांचीच जास्त भीती वाटली, म्हणून हा धागा. 'आवडला', 'नावडला' एवढ्यावर सुटका नाही. कुठे हसलात, कुठे डोळे झाकलेत, कुठे उठून गेलात ते लिहा. शेवट उघड होणारच आहे. न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.

*

मी उठून गेलेल्यांपैकी. ट्रेलरमध्ये गाणी जवळजवळ नव्हतीच. जॉनी डेप, टिम बर्टन, अंधारं लंडन एवढं बघून आत शिरले, आणि पहिल्याच मिनिटांत जहाजावरचा पोरगा गायला लागला. म्हटलं, होतं एखादं गाणं. पण थांबेचनात! पिरेली या दुसऱ्या न्हाव्याचं प्रकरण झालं तेव्हा मी बाहेर. रक्ताचं काही नाही, रहस्यपट मी जेवताना बघते. गाणाऱ्या माणसाने खून करावा हेच पचेना.

*

मला नेमकं तेच पचलं, आणि त्याचीच लाज वाटली. 'जोहाना' गाण्याचा तो मधला प्रसंग आठवा. बाप मुलीच्या आठवणीत गातोय, चाल इतकी हळवी की अंगाई वाटावी. आवाज कुठेही चढत नाही. आणि त्याच लयीत एकामागून एक गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, वस्तरा फिरतो, कळ दाबली की धडाम खाली. दुसऱ्या-तिसऱ्या गळ्यानंतर लक्षात आलं की मी मरणाऱ्यांकडे बघतच नाहीये, सुरावट ऐकतोय. कुणी चाल मोडू नये एवढीच इच्छा. दिग्दर्शकाने मला त्या खुर्चीमागे उभं केलं होतं आणि मी खुशाल उभा होतो. एक गिऱ्हाईक मात्र वाचतं, कारण त्याच्यासोबत बायको आणि लहान मुलगी असते. त्या क्षणी मला हायसं वाटलं. म्हणजे बाकीच्यांचं काहीच वाटलं नव्हतं!

*

धागाकर्ती: हेच, हेच म्हणत होते मी. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट घटकाभर थांबते, वन्समोर आला तर आणखी थांबते. इथे गोष्ट पुढे सरकते तीच गाण्यात. उसंत मिळत नाही.

*

मूळ संगीतिकेच्या भक्ताचं रडगाणं ऐकून घ्या. स्टीफन सोंडहाइमची ही कलाकृती १९७९ ला ब्रॉडवेवर आली, लेन कॅरियू आणि अँजेला लॅन्सबरी यांच्यासह. त्यात एक समूहगान सुरुवातीला येतं, अधूनमधून डोकावतं आणि शेवटी पुन्हा येतं. अख्खं शहर प्रेक्षकांकडे बघून ही कथा सांगतं. सिनेमात त्याची नुसती धून उरली. शहरच गायब, उरला एका माणसाचा खाजगी सूड. शिवाय डेप आणि मिसेस लव्हेट झालेली हेलेना बोनहॅम कार्टर दोघांचेही आवाज पातळ. पाई भरताना कुठल्या पेशाचा माणूस चवीला कसा लागेल यावर कोट्या करणारं ते गाणं रंगभूमीवर लोकांना पोट धरून हसवतं. इथे काटछाट करून, कुजबुजत उरकलंय.

*

वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. समूहगान मलाही हवं होतं. पण कॅमेरा नाकापासून वीतभर अंतरावर असताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज लावला तर हास्यास्पद होईल. डेप जे गातो ते स्वतःशी पुटपुटणंच आहे, आणि पंधरा वर्षं कुणाशी धड बोललेला नसलेला माणूस असाच गाईल. न्यायाधीश झालेल्या अॅलन रिकमनला दाढीसाठी खुर्चीत बसवून दोघं सुंदर स्त्रियांचं गुणगान करतात तो प्रसंग घ्या. दोघेही गायक नाहीत. तरी माझी बोटं खुर्चीच्या हातात रुतली होती. वस्तरा गळ्याशी आणि गाणं संपतच नाही! मग तो खलाशी पोरगा धाडकन दार उघडतो. इतका राग मला खलनायकाचाही आला नव्हता.

*

तेव्हापासून दाढी घरीच करतो.

*

रंगांबद्दल कुणीच बोललं नाही. सगळं चित्र राखाडी, चेहरे चुना फासल्यासारखे, आणि त्यात रक्त तेवढं भडक, पोस्टरच्या रंगासारखं. खरं वाटू नये म्हणूनच तसं ठेवलं असावं. कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं ते योग्यच. आणि मधेच मिसेस लव्हेटला समुद्रकाठच्या संसाराचं स्वप्न पडतं, तिथे एकदम ऊन, निळं पाणी, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे. न्हावी मात्र तिथेही मख्ख. मी खदाखदा हसले. नंतर वाटलं, या बाईला बिचारीला एवढंच तर हवं होतं.

*

बिचारी? टोबी आठवा. अनाथ पोरगा तिला सांगतो की मी असेपर्यंत तुला काही होऊ देणार नाही. ती त्याला जवळ घेते, रडतेसुद्धा, आणि जरा वेळाने तळघरात नेऊन बाहेरून कडी लावते. ते रडणं खोटं नव्हतं, हाच तर वैताग आहे. गळे कापले जाताना मी चिप्स खात होते. या गाण्याला पुडी बाजूला ठेवली.

*

थोडी माहिती, कारण चर्चा दयेवर आलीच आहे. हा न्हावी पहिल्यांदा १८४६-४७ च्या एका स्वस्त इंग्रजी साप्ताहिक कथामालेत आला. तिथे तो लोभी लुटारू होता, मोत्यांच्या माळेसाठी माणूस मारणारा. अन्याय, बायको, न्यायाधीश, सूड हे सगळं ख्रिस्तोफर बाँडने १९७० च्या दशकातल्या नाटकात घातलं, आणि सोंडहाइमने तेच उचललं. तुम्ही सगळे ज्याच्यासाठी हळहळताय त्याला सव्वाशे वर्षं हळहळण्याजोगं काहीच नव्हतं.

*

मला तरी हळहळ वाटली नाही. बायकोसाठी सूड म्हणे! ती बायको भिकारीण होऊन त्याच्याच दारात घुटमळते, ओळख लागल्यासारखं विचारते, आणि न्यायाधीश यायच्या आत जागा मोकळी करायची म्हणून हा तिचा गळा कापतो. बघतही नाही. पंधरा वर्षं जिच्या नावाने जगला तिचा चेहरा त्याला उजेडात, मेल्यावर दिसतो. लेकीचंही तेच. मुलाच्या वेशात समोर आली तर वस्तरा उगारला. खालून किंकाळी आली म्हणून ती वाचली. त्याला दोघींपैकी कुणीच नको होतं, गाणं तेवढं हवं होतं. शेवटी टोबीने त्याच वस्तऱ्याने हिशेब चुकता केला तेव्हा मी मनात टाळी वाजवली, आणि मग ती पोरगी त्या खोलीतून पुढे कुठे गेली हे दाखवायला सिनेमाला सवड मिळाली नाही म्हणून भयंकर चिडले.