मदत हवी आहे: येत्या शुक्रवारी ऑर्लँडो, भाचा एसएस आहे, रांगेचं काय करू?

धरमपेठ_टू_डॅलस
ताई, भाऊजी आणि भाचा मंगळवारी रात्री नागपूरहून निघतायत. शुक्रवारपासून तीन दिवस ऑर्लँडो. तिकिटं, हॉटेल सगळं झालंय. भाचा एसएस आहे, त्यामुळे त्याला दोन-दोन तास रांगेत उभं ठेवायचा प्रश्नच येत नाही. कुठलातरी पास मिळतो म्हणतात. तो कुठे मिळतो, काय कागद दाखवावे लागतात आणि त्याला कोणत्या राइडवर बसू देतील? कृपया 'गूगल करा' म्हणू नका, तेच करून डोकं फिरलंय. जरा लवकर सांगा.

मुळाकाठचा
एसएस म्हणजे? शाळेत आमचा समाजशास्त्र विषय होता एसएस. आणि ऑर्लँडोत पार्कं ढीगभर आहेत, तुमचं कुठलं? भाचा पाच वर्षांचा की पंचवीस?

चहाबाज
सोप्पं आहे. गेटवर व्हीलचेअर भाड्याने घ्या. २००९ साली आईबाबांना घेऊन गेलो होतो, प्रत्येक ठिकाणी मागच्या दाराने थेट आत. आम्ही पण त्यांच्यामागे. दिवसभरात बारा राइड्स केल्या, बाबांचे गुडघे तसे ठीकच होते.

एडिसनकाकू
पासाचं नंतर बघा, आधी इन्शुरन्स बघा. व्हिजिटर पॉलिसीत जुना आजार सहसा धरत नाहीत. काहींत अचानक उद्भवलेला त्रास तेवढा धरतात, त्यालाही अटी. इमर्जन्सीची एक रात्र म्हणजे काय बिल येतं ते मी इथे लिहीत नाही, झोप उडेल.

धरमपेठ_टू_डॅलस
अहो, एसएस म्हणजे सिकल सेल, एसएस पॅटर्न! आमच्याकडे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. ताई-भाऊजी दोघं एएस, हा एसएस. वय १५. डिस्नी दोन दिवस (शुक्रवारी मॅजिक किंगडम, शनिवारी अ‍ॅनिमल किंगडम), रविवारी युनिव्हर्सल. काकू, इन्शुरन्स काढलाय.

मुळाकाठचा
धाग्याचं शीर्षक बदला मग. पुण्यात एसएस म्हणजे काय कुणाला कळणार?

वर्धेची_वैदेही
पुण्यात कळत नाही म्हणून शीर्षक बदलायचं? विदर्भात, नंदुरबारात, गडचिरोलीत हा घराघरातला शब्द आहे हो. असो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आईबाबा दोघांकडून सिकलचं जनुक आलं की एसएस, एकाकडूनच आलं की एएस. एएसवाल्यांना सहसा काही होत नाही. एसएसमध्ये अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दुखणं सुरू होतं. माझ्या धाकट्या भावाला आहे. ते दुखणं पाहिलेला माणूस 'रांगेत थोडं उभं राहिलं तर काय होतं' असं विचारत नाही.

किसिमीकर
मी इथेच, ऑर्लँडोच्या शेजारी राहतो, डिस्नीचा वार्षिक पास आहे, त्यामुळे सांगू शकतो. चहाबाज, तुमचं २००९ विसरा. आता बहुतेक रांगा व्हीलचेअर जाईल एवढ्या रुंद आहेत. व्हीलचेअर घेतली तरी त्याच रांगेत, फक्त बसून. अर्थात बसून थांबणं हाच फायदा असेल तर जरूर घ्या.

डिस्नीच्या पासाला डीएएस म्हणतात, फुकट असतो. मिळाला की रांगेत उभं न राहता फोनवर परतीची वेळ मिळते, तोवर सावलीत बसायचं. पण २०२४ च्या मे पासून इथले नियम आवळलेत. आता तो मुख्यतः ऑटिझम किंवा तशा विकासात्मक अडचणींमुळे रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे. आधी व्हिडिओ कॉल होतो, त्यात भाचा स्वतः दिसायला हवा, मामाने परस्पर बोलून चालत नाही. डॉक्टरचं पत्र मागत नाहीत. आजाराचं नाव किती भारी आहे यावर काही ठरत नाही, रांगेत थांबल्यावर नेमकं काय होतं ते सांगायचं. सिकल सेलला मिळेलच असं मी म्हणणार नाही. नाही दिला तरी दुसऱ्या सोयी विचारा, उदा. मधेच रांगेतून बाहेर पडून परत आपल्या माणसांत जाता येण्याची.

जुगाडू_जयंत
मग ऑटिझम आहे म्हणून सांगा की. कागद मागतच नाहीत तर कोण तपासणार? पोराला फक्त गप्प बसायला सांगा.

निळी_छत्री
जयंत, माझ्या मुलाला ऑटिझम आहे. 'गप्प बसायला सांगा' म्हणजे ऑटिझम, हे आज नव्याने कळलं. तुमच्यासारख्या जुगाडांमुळेच तो पास आवळला गेला आणि आता खरी गरज असलेल्या सिकलवाल्या मुलाला दार बंद होतंय. तुम्ही दोघांचंही नुकसान करताय.

जुगाडू_जयंत
हलकं घ्या हो ताई. मी फक्त पर्याय सुचवला.

किसिमीकर
पर्याय महागात पडेल. खोटं सांगितल्याचं उघड झालं तर डिस्नीत कायमची प्रवेशबंदी, असं त्यांच्या नियमातच लिहिलंय. शिवाय पंधरा वर्षांच्या पोराला कॅमेऱ्यासमोर खोटं बोलायला लावायचं?

युनिव्हर्सलचं वेगळं आहे. तिथे आयबीसीसीईएस नावाच्या संस्थेकडे ऑनलाइन नोंदणी करून कार्ड काढायचं, भेटीच्या किमान ४८ तास आधी. त्यासाठी डॉक्टरचा कागद लागतो. तुमचं युनिव्हर्सल रविवारी, म्हणजे आजच करून टाका.

सातपुडा_ट्रेकर
फ्लोरिडाच्या उन्हाचा एवढा बाऊ कशाला? नागपूरचं पोर आहे ना? मे महिन्यात ४५ डिग्रीत क्रिकेट खेळतात ही मंडळी.

वर्धेची_वैदेही
एसएसवाली नाही खेळत. माझा भाऊ मार्च ते जून खिडकीतूनच क्रिकेट बघायचा.

किसिमीकर
शिवाय तुमची गरमी कोरडी, इथली दमट. घाम वाळतच नाही, पाणी किती गेलं ते कळत नाही. आणि दुपारी धो धो पाऊस, भिजलेल्या अंगाने एसीत शिरलं की हुडहुडी. सिकलवाल्याला दोन्ही वाईट ना? कपड्यांचा एक जोड पाठीवर ठेवा. डिस्नीत खाण्याच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो, बर्फाशिवाय मागा.

गव्हांकुर
माझ्या मावशीचं हिमोग्लोबिन गव्हांकुराच्या रसाने तीन महिन्यांत वाढलं. सिकल सेल म्हणजे पण रक्तच कमी ना? रोज उपाशीपोटी अर्धी वाटी. हवं असेल तर मला निरोप टाका, घरपोच पाठवतो, डॅलसला पण.

ओपीडीतून_सुटका
गव्हांकुर, रक्त कमी होणं आणि रक्तपेशीचा आकारच बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृपया इथे विक्री नको.

धागाकर्ते, मी चंद्रपुरात बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या प्रश्नात एक गफलत आहे. 'कोणत्या राइडवर बसू देतील' असं विचारताय. सगळ्यांवर बसू देतील. बाहेरच्या फलकावर हृदय, पाठ, मान, रक्तदाब, गरोदरपण असं लिहिलेलं असतं आणि 'किंवा या राइडने बळावेल असा आजार'. सिकलचं नाव नसतं. उंची मोजतात, रक्त तपासत नाहीत. ठरवायचं तुम्हालाच आहे, म्हणून काही गोष्टी सांगा: हायड्रॉक्सियुरिया (सिकलचं रोजचं औषध) चालू आहे का? शेवटचा क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा मोठा झटका, कधी? रक्त कधी चढवलं? प्लीहा वाढलेली आहे का? आफ्रिकन वंशाच्या मुलांत ती लहानपणीच आक्रसून जाते, आपल्या मुलांत बऱ्याचदा मोठी राहते. पोटावर घट्ट बार दाबणाऱ्या राइडला ते चांगलं नाही. आणि मांडीच्या सांध्यात दुखतं का?

धरमपेठ_टू_डॅलस
हायड्रॉक्सियुरिया चालू आहे, रोज. शेवटचा क्रायसिस जानेवारीत, तीन दिवस अ‍ॅडमिट होता. प्लीहेचं ताईला विचारतो. डॉक्टर, रोलर कोस्टरचं तेवढं बोला ना. त्याला फक्त एकच हवीय, अ‍ॅनिमल किंगडममधली एक्स्पिडिशन एव्हरेस्ट. बाकी सगळं सोडायला तयार आहे. सहावीपासून डोक्यात आहे त्याच्या.

सातपुडा_ट्रेकर
एव्हरेस्टवर सिकलवाल्याने जाऊच नये, विरळ हवेत पेशी वाकतात. हे मला पण माहीत आहे.

किसिमीकर
खऱ्या एव्हरेस्टवर. हा राइडचा नकली डोंगर २०० फुटांना जेमतेम कमी आहे. मुद्दामच. २०० झाला असता तर विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागला असता आणि हिमालयावर लाल दिवा म्हणजे दृश्याचा विचका.

मुळाकाठचा
हे भारी आहे! सिंहगडावरच्या टॉवरला असतो तसला दिवा का? कुणाकडे दिव्याच्या नियमाची लिंक आहे का?

धरमपेठ_टू_डॅलस
अरे बाबांनो, दिवा राहू द्या ना. मंगळवारी ते विमानात बसतायत.

किसिमीकर
बरं, मंगळवारचं: पास नाही मिळाला तर पैसे देऊन लाइटनिंग लेन, म्हणजे डिस्नीची वेगळी छोटी रांग, घेता येते. डिस्नीच्या हॉटेलात नसाल तर त्या त्या दिवसाच्या तीन दिवस आधी, सकाळी सातला उघडते. म्हणजे शुक्रवारचं मंगळवारी, शनिवारचं बुधवारी. डॅलसच्या घड्याळात सहा. गजर लावा. आणि प्रत्येक पार्कात फर्स्ट एड सेंटर असतं, तिथे आडवं होता येतं, औषध थंड ठेवायला देता येतं. आत शिरल्यावर पहिलं ते कुठे आहे बघा, मग किल्ल्यासमोरचा फोटो.

एडिसनकाकू
दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल देतात ना तिकडे? ते अमेरिकेत नियंत्रित औषध आहे. मूळ पाकिटातच आणा, सोबत डॉक्टरचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन. डबीत मोकळ्या गोळ्या आणू नका म्हणावं.

ह्यूस्टनची_राणी
ऑर्लँडो कशाला? टेक्सासातच सॅन अँटोनियोला मॉर्गन्स वंडरलँड आहे, २०१० पासून. एका बापाने आपल्या मुलीसाठी बांधलं, अपंगांना तिकीट नाही, व्हीलचेअरसकट झोका घेता येतो. सिकल सेल आपल्या २०१६ च्या अपंग कायद्याच्या यादीत आहेच.

धरमपेठ_टू_डॅलस
राणीताई, छान आहे, पण तिकिटं काढलीयत. आणि त्याला झोका नको, एव्हरेस्ट पाहिजे. शिवाय 'अपंग' शब्द त्याच्यासमोर काढला तर जेवत नाही दोन दिवस.

निळी_छत्री
भाच्याला विचारलंत का, व्हिडिओ कॉलवर स्वतःबद्दल काय सांगायचंय ते? आम्ही माझ्या मुलाच्या वेळी आधी घरी सराव केला होता. दुसऱ्या एका पार्कात त्याच्यासमोर मलाच सगळं बोलावं लागलं, ते त्याला आवडलं नव्हतं. वर्षभराने बोलून दाखवलं त्याने.

ओपीडीतून_सुटका
सांध्याचं उत्तर राहिलं. मुद्दाम परत विचारतोय. सिकलमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, या वयात तर नक्कीच बघायचं. लंगडतो का? जांघेत दुखतं का? मांडी घालून बसता येतं का?

धरमपेठ_टू_डॅलस
आत्ता ताईशी बोललो. प्लीहा थोडी मोठी आहे म्हणे, सोनोग्राफी गेल्या वर्षीची. सांध्याचं विचारलं तर ती आधी नाही म्हणाली, मग मागून भाऊजी म्हणाले की महिनाभर तो पंगतीत बसत नाही, खुर्ची मागतो. तिला वाटलं मोठा झाला, लाज वाटते. मग भाच्याने फोन घेतला. म्हणाला, मामा, उजव्या बाजूला दुखतं, पण सांगितलं असतं तर एव्हरेस्ट कॅन्सल केलं असतं तुम्ही.

ओपीडीतून_सुटका
उद्या सकाळीच त्याच्या सिकलच्या डॉक्टरांकडे न्या. एक्स-रे, आणि जमलं तर एमआरआय, सुरुवातीचं एक्स-रेत दिसत नाही. पोटाची सोनोग्राफीही परत. प्रवास करायचा की नाही हे तेच सांगतील. मी फोरमवर बसून एव्हरेस्टला हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही.

वर्धेची_वैदेही
आणि त्याला रागावू नका. माझ्या भावाने बारावीची परीक्षा दुखणं लपवून दिली होती.

धरमपेठ_टू_डॅलस
रागावलो नाही. सोमवारी अकराची वेळ मिळालीय. डिस्नीचा व्हिडिओ कॉल तोच करणार म्हणतो, नागपुरात तेव्हा संध्याकाळ असेल. काय बोलायचं ते इंग्रजीत लिहून काढलंय त्याने, मला दाखवत नाहीये. युनिव्हर्सलचा फॉर्म भरतोय. एमआरआयचं कळलं की लिहितो, तोवर धागा वर राहू द्या.

चहाबाज
वर आणतोय. बाकी एक विचारायचं होतं, नागपूरहून येताना सामानात संत्रा बर्फी चालते का हो?