शनिवारच्या सहलीतील शेकोटीबाबत

सी-३०४ (काकू): सर्वांना नमस्कार. गौताळा अभयारण्याजवळ जाणाऱ्या मुलांच्या सहलीच्या पत्रकात रात्री ‘कॅम्पफायर’ असे लिहिलेले वाचून मला राहवले नाही. एप्रिलच्या उन्हात तिथले गवत वाळून कोळ झालेले असताना मुलांच्या हातात काडेपेटी देण्याचे कोणी ठरवले?

बी-२०२ (सहल संयोजक): काकू, आपली काळजी रास्त आहे, परंतु मुक्काम अभयारण्यात नसून शेजारच्या गायरानात आहे. ती जागा सार्वजनिक आहे, तिथे परवानगी लागत नाही.

ए-४०३ (आजोबा): मी वनखात्यात नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने तिथे आग पेटवण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार मनाई आहे. गायरान हद्दीबाहेर असले, तरी वाऱ्यावर उडालेली ठिणगी आत पडायला वेळ लागत नाही. शिवाय ते सरकारी मालकीचे आणि गावाच्या गुरांसाठी राखलेले असते. तिथला उरलासुरला चारा जळाला, तर मृग बरसेपर्यंत त्या जनावरांनी काय खायचे?

ए-१०५: पौषात हुरड्याला आगटी पेटवली, तेव्हा काकूंनीच सर्वांत जास्त कणसे खाल्ली होती! 🙂

सी-३०४ (काकू): थट्टा नको. ती आगटी शेतमालकाच्या संमतीने, मोकळ्या रानात, खड्ड्यात पेटवलेली होती आणि हवेत गारवा होता. होळीच्या वेळी पार्किंगमध्ये वायर जळाली, तेव्हाही माझे कोणी ऐकले नव्हते.

बी-१०२ (सचिव): होळीचा विषय बैठकीत घेऊ. कृपया मुद्द्यावर राहावे.

बी-२०२ (सहल संयोजक): पुन्हा नमूद करतो, गायरान सार्वजनिक आहे. विझवण्यासाठी माती ठेवणार आहोत.

ए-४०३ (आजोबा): मातीखाली निखारे तासन्तास जिवंत राहतात. पाणी ओतून, काठीने ढवळून, राख हाताला थंड लागेपर्यंत जागचे हलायचे नसते. उतारावर आग वर चढताना पुढचे गवत आधीच तापवते, म्हणून ती माणसापेक्षा वेगाने धावते. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील कुरंगणी येथे वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहक दगावले. आपल्याकडेही १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचाच हंगाम मानतात.

बी-१०२ (सचिव): सहल होईल, शेकोटी होणार नाही. उजेडासाठी सौर कंदील न्यावेत. कुठेही वणवा दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

बी-२०२ (सहल संयोजक): निर्णय मान्य आहे, मात्र गायरान सार्वजनिक आहे हे माझे म्हणणे कायम आहे.

ए-४०३ (आजोबा): सार्वजनिक आहे, म्हणूनच ती पेटवण्याचा अधिकार कोणा एकाचा नाही.

सी-१०१: माझ्या मुलीचे नाव यादीत राहू द्या. स्वयंपाक गावातल्या घराच्या चुलीवर होईल, एवढे आजच लिहून कळवा. सरपणासाठी जमा केलेले पैसे त्या घरच्या ताईंना द्यावेत.