मदत हवी आहे: नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कॅक्टसला पाणी द्यायचं की नाही?

नागपुरात गच्चीवर चार गोल्डन बॅरल कॅक्टस आहेत, मातीच्या कुंड्यांत. परवा एक बुडाशी पिवळट दिसलं, बोट लावलं तर पिकलेल्या चिकूसारखं मऊ लागलं. बाकी तीन अजून टणक आहेत.

कुंडीतल्या मिश्रणात मुरूम आणि जाड रेती मिळून अर्ध्याहून जास्त, बाकी शेणखत व माती. कुंडीला भोक आहे, खाली ताटली नाही. ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट वर लावली. पाणी दर दहा दिवसांनी, संध्याकाळी. किडे दिसले नाहीत.

कॅक्टस दिवसा रंध्रं मिटून घेतं, रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं, तो आम्लाच्या रूपात साठवतं. वाळवंटात रात्र गार होते. इथे मे महिन्यात रात्री दहालाही स्लॅबवर अनवाणी उभं राहवत नाही. त्यात जमिनीतली मुळं कुंडीतल्यासारखी तापत नाहीत. एक मऊ पडलं त्यामागे मला संशय या गरम रात्रींचा आणि तापलेल्या मुळांचाच आहे.

घरात उजेडाची जागा नाही, अंगणही नाही. गच्चीवरच जगवायचं आहे. ही तीन मला गमवायची नाहीत.

विदर्भात ज्यांनी कॅक्टस दोन-तीन उन्हाळे काढलेत त्यांनी सांगा: नवतपात पाणी पूर्ण बंद ठेवता का? आणि मऊ पडलेलं कापून वाचतं का?