पोती ठेवावीच लागतात

‘फोनवर पुलाच्या कंपनांची वारंवारिता (पूल सेकंदाला किती वेळा हलतो ते) मिळाली ना, मग पुलावर पोती कशाला?’ असं एकानं विचारलंय. अहो, नुसत्या वारंवारितेतून ताठरता आणि वस्तुमान यांचं गुणोत्तरच कळतं. दोन्ही वेगळी काढायची तर आधीच माहीत असलेलं वजन पुलावर घालावंच लागतं. समजा, नाल्यावरच्या लोखंडी पादचारी पुलाच्या मध्यावर रेतीची ५० किलोची १० पोती ठेवली आणि ५.० हर्ट्झचे ४.८ झाले. ५.० भागिले ४.८ चा वर्ग करा, १ वजा करा, त्याने ५०० ला भागा. प्रभावी वस्तुमान, म्हणजे पुलाचं कंपनात हलणारं वस्तुमान, आलं सुमारे ५,९०० किलो.

पोती मात्र तोलूनच घ्या. आमच्याकडे यवतमाळात पावसानंतर जिनिंगच्या काट्यावर ५० चं पोतं ५७ भरलं होतं! आणि सुतळीनं आवळा. सैल रेती कंपनं खाते.