कुंडीतल्या मातीवर शेवाळ: चुना टाकू की मोरचूद?

गच्चीबाग_कोल्हापूर
१२ इंची कुंड्यांत जास्वंद, अनंत, मोगरा आहे. काळी माती, शेणखत घातलेलं. जुलैपासून मातीवर मखमलीसारखं हिरवं शेवाळ पसरलंय. पाणी वरच थांबतं, मग कडेनं निघून जातं. शेजारचे काका चुना सांगतात, खतवाला मोरचूद. काय टाकू?

खुरपं
दोन्ही नको. काळी माती बहुधा आधीच विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कलाइन) असते. चुन्यानं ही विम्लता आणखी वाढते, मग झाडाला लोह मिळत नाही. पहिला फटका अनंताला: पानं पिवळी, शिरा हिरव्या. मोरचुदातलं तांबं कुंडीत साठत जातं आणि गांडुळं मरतात.

शेवाळाला खरी मुळं नसतात, झाडाचं खत ते पळवत नाही. माती दबलीय, सतत ओली आहे, ऊन कमी आहे, म्हणून ते आलंय. उघडीप मिळून माती वापशावर आली (ओलसर, पण चिखल नाही) की वरचा १–२ सेंमी थर पापुद्र्यासारखा उचला. चिखलात खुरपं घालू नका, काळी माती उलट घट्ट होते. खाली २–३ सेंमीच हलवा. मोगऱ्याची बारीक मुळं वरच असतात. रिकाम्या जागी कंपोस्ट आणि जाड वाळू निम्मी-निम्मी. भाताचं तूस मिळालं तर तेही चालेल.

निचरा_आधी
वरचं खरवडून भागणार नाही. कुंडी आडवी करून भोकं बघा, मुळांनी किंवा गाळानं बुजलेली असतील. तारेनं मोकळी करा आणि कुंडी विटेच्या तुकड्यांवर ठेवा, गच्चीला चिकटून नको. मूठभर वाळूनं काळी माती सुटत नाही. पाऊस सरल्यावर कुंडी बदलताना माती २, शेणखत १, जाड वाळू १ असं धरा. कोकोपीट कमीच, ते पाणी धरून ठेवतं.

गच्चीबाग_कोल्हापूर
आणि फरशीवरचं? तिथं पाय घसरतो.

खुरपं
तिथं ताठ ब्रश. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर आधी कुंड्या हलवा, धुतलेलं पाणी मुळांशी जाता कामा नये.

निचरा_आधी
मखमल नसून चिकट हिरवा थर असेल तर तो उचलून निघत नाही, माती नुसती हलवायची. बोन्सायमध्ये मात्र हेच मखमली शेवाळ मुद्दाम लावतात. झाड तजेलदार असेल आणि पाणी मुरत असेल तर दसऱ्यापर्यंत हात लावला नाही तरी चालेल.