मदत हवी आहे: कोलाट्झच्या प्रश्नाच्या आमच्या आप्पांनी केलेल्या सिद्धतेतील चूक दाखवणारे कोणी भेटेल का?

सप्रेम नमस्कार. आमचे आप्पा खानापूर तालुक्यात मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि गेली चार वर्षे ते कोलाट्झ या गणितज्ञाच्या १९३७ सालच्या प्रश्नात गुंतले आहेत: कोणतीही धन पूर्ण संख्या घ्यावी, ती सम असल्यास निम्मी करावी, विषम असल्यास तिप्पट करून एक मिळवावा, आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहावे, म्हणजे शेवटी १ येतोच, हे सिद्ध करायचे. २७ पासून निघाल्यास १११ पायऱ्या लागतात आणि वाटेत ९२३२ पर्यंत चढावे लागते; ती प्रत्येक पायरी त्यांच्या वहीत शाईने लिहिलेली आहे.

त्यांचे म्हणणे असे, की एका विषम संख्येपासून पुढच्या विषम संख्येपर्यंत सरासरीने तीन चतुर्थांशच उरते, म्हणून घसरण अटळ आहे. मला शंका येते, कारण एक मिळवण्याऐवजी वजा केला तरी सरासरी तीच राहते, पण तेथे ५, १४, ७, २०, १० असे फिरून पुन्हा ५ च येतात. हे मी सांगितले तर त्यांना पटत नाही, आणि दोन ठिकाणी पाठवलेल्या वहीला उत्तरही आले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

बेळगाव किंवा निपाणी परिसरातील गणिताचे कोणी प्राध्यापक त्यांच्यासमोर बसून, मराठीतून, युक्तिवाद नेमका कोणत्या ओळीत निसटतो ते दाखवतील का? वही घेऊन आम्हीच येऊ.