मदत हवी आहे: राज्याबाहेरचं कॉलेज, मेरिट स्कॉलरशिपवर

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो, लेक अकरावीत आहे. जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) ३.९, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा, १६०० पैकी) १४७०, मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय. आमच्या पगारावर नीड-बेस्ड (घरचं उत्पन्न बघून मिळणारी) मदत मिळणार नाही आणि खासगी कॉलेजची पूर्ण फी झेपणार नाही. अलाबामा विद्यापीठ बाहेरच्या राज्यांतल्या मुलांनाही जीपीए आणि एसएटी बघून मेरिट देतं, म्हणून ते यादीत वर आहे. काल रात्री लेक वहीत ट्यूशन, खोली, जेवण, विमानाचं भाडं मांडत बसली होती. रटगर्सच्या, म्हणजे आमच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाच्या, आकड्याभोवती तिने पेन्सिलीने गोल काढला, बोलली काहीच नाही. पोटात कालवलं हो.

तिथे कुणाची मुलं आहेत का? इंजिनिअरिंगला स्कॉलरशिपपुरता जीपीए टिकवणं जड जातं का? दरवर्षी फी वाढते, तेव्हा स्कॉलरशिपच्या वरचा फरक किती पडला? आणि शाकाहारी मुलीच्या जेवणाचं कसं?